डॅमेज केव्हा मोजायचं?

'मॅजिक: द गॅदरिंग' खेळणाऱ्यांच्या दोन पिढ्या एका टेबलाशी बसल्या की कॉम्बॅट डॅमेजच्या नियमांवरून वाद ठरलेला. जुन्या खेळाडूंची तक्रार ठाम असते: रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या १९९३ च्या खेळात लढाईला खोली होती, विझार्ड्स ऑफ द कोस्टने आधी २००९ मध्ये आणि मग २०२४ मध्ये नवख्यांच्या सोयीसाठी ती बुजवून टाकली. या तक्रारीत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. काढलेला नियम मूळचा होता, तो गेल्यामुळे खेळाडूचे निर्णय कमी झाले, आणि २०२४ चा बदल ही त्याच घसरणीची पुढची पायरी. तपासायला घेतलं तर तिन्ही टिकत नाहीत. दर वेळी बदललं ते एकच: डॅमेज कुणाला किती हे ठरणं आणि ते प्रत्यक्ष लागणं, या दोहोंमध्ये किती फट ठेवायची आणि त्या फटीत कुणाला हात घालू द्यायचा.

पहिल्या मुद्द्याचा निकाल तारखाच लावतात. ज्याच्या आठवणीने जुने खेळाडू हळहळतात तो नियम म्हणजे डॅमेज 'स्टॅकवर', म्हणजे लागण्याआधी प्रतिसादासाठी थांबण्याच्या रांगेत, जाण्याचा. पण स्टॅक ही व्यवस्थाच १९९९ च्या सिक्स्थ एडिशनबरोबर आली. त्याआधी डॅमेज लागायच्या सुमारास फक्त ते अडवण्याचे किंवा क्रीचर वाचवण्याचे उपाय करता येत. शिवाय टॅप झालेला ब्लॉकर तेव्हा मार खायचा पण द्यायचा नाही. समोरच्याचा ब्लॉकर टॅप करून स्वतःचा अटॅकर वाचवणं ही नेहमीची चाल होती. तो नियमही सिक्स्थ एडिशननेच मोडीत काढला, आणि त्याबद्दल आज कुणी गळा काढत नाही. म्हणजे स्टॅकवरच्या डॅमेजचं आयुष्य १९९९ ते २००९, जेमतेम दहा वर्षांचं. 'मूळ खेळ' म्हणून जो सांगितला जातो, तो बहुधा सांगणारा खेळायला लागला त्या वेळचा खेळ असतो.

निर्णय कमी झाले हा आक्षेप जास्त वजनदार आहे, म्हणून तो प्रत्यक्ष पत्त्यावर तपासू. मॉग फॅनॅटिक हा एका मानाचा १/१ गॉब्लिन. त्याचा बळी दिला की कुणालाही १ डॅमेज देता येतं. समजा त्याने एका २/२ अटॅकरला ब्लॉक केलं. जुन्या नियमात त्याचं १ डॅमेज आधी स्टॅकवर जायचं, मग खेळाडू त्याचा बळी देऊन आणखी १ डॅमेज द्यायचा. फॅनॅटिक टेबलावरून गेलेला असला तरी स्टॅकवरचं डॅमेज ठरल्याप्रमाणे लागायचंच, आणि २/२ मरायचा. जुलै २००९ च्या 'मॅजिक २०१०' संचापासून कॉम्बॅट डॅमेज स्टॅकवर न जाता थेट लागतं. आता बळी आधी द्यायचा आणि कॉम्बॅटचं डॅमेज सोडायचं, की डॅमेज लागू द्यायचं आणि बहुतेक वेळा बळीची संधी घालवायची, हे ठरवावं लागतं. ज्याला जुनी खाचाखोच माहीत होती तो दर वेळी दोन्ही घ्यायचा. त्यात निर्णय कुठे होता? होतं ते माहीतगाराला मिळणारं बक्षीस. ते गेलं हे खरं, पण त्याच्या जागी आलेली निवड खरी निवड आहे.

आता २०२४. हा बदल समजायचा तर २००९ चीच दुसरी बाजू पाहायला हवी. डॅमेज थेट लागायला लागल्यावर एक अडचण उभी राहिली. दोन ब्लॉकर असतील तर अटॅकर डॅमेज कसं वाटणार हे बचाव करणाऱ्याला वेळेत कळणारच नाही, मग वाचवायचं कुणाला? त्यावर ठिगळ म्हणून क्रम आला. ब्लॉक जाहीर होताच अटॅकरने ब्लॉकर ओळीने लावायचे आणि पहिल्याला मारण्यापुरतं डॅमेज दिल्याशिवाय दुसऱ्याकडे वळायचं नाही. १५ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या 'फाउंडेशन्स' संचाबरोबर हा क्रम गेला. समजा ५/५ अटॅकरला दोन ३/३ नी ब्लॉक केलं. जुन्या क्रमात पहिल्या ब्लॉकरवर जायंट ग्रोथ टाकला की तो ६/६ व्हायचा, अटॅकरचं सगळं ५ डॅमेज त्याच्यातच जिरायचं, अटॅकर मरायचा आणि दोन्ही ब्लॉकर जिवंत राहायचे. आज अटॅकर मरतोच, पण जायंट ग्रोथ पाहून झाल्यावर तो ३ डॅमेज सरळ दुसऱ्याकडे वळवतो आणि त्याला सोबत घेऊन जातो.

म्हणून 'हा नुसता शब्दांचा बदल आहे' हाही गैरसमजच. पारडं अटॅकरकडे झुकलं आहे आणि दोघांनी मिळून ब्लॉक करणं पूर्वीपेक्षा धोक्याचं झालं आहे. बचावाची एक चाल बोथट झाली, हे मान्य करायलाच हवं. पण तिची किंमत काय होती तेही पाहा: हातात असा पत्ता असो वा नसो, एकापेक्षा जास्त ब्लॉकर आले की क्रम जाहीर करणं भाग होतं, आणि बहुतेक लढायांत त्याने फरक पडत नव्हता. डाव अडकत होता तो निर्णयापायी नव्हे, सोपस्कारापायी.

उलट काही गोष्टी २०२४ च्या खात्यावर फुकट जमा होतात. व्हॅम्पायर नाइटहॉक हा २/३ चा उडता व्हॅम्पायर, डेथटच आणि लाइफलिंक दोन्ही असलेला. दोन मोठ्या उडत्या क्रीचर्सनी त्याला ब्लॉक केलं तर एकेकाला १ देऊन तो दोघांनाही मारतो. डेथटचवाल्याचं एवढं डॅमेज पुरेसं धरलं जातं. हे त्याला क्रमाच्या काळातही जमत होतं. लाइफलिंकचा मोठा बदलही २००९ चाच. आधी लाइफ वेगळ्या ट्रिगरने, नंतर मिळायचं. आता ते डॅमेजबरोबरच मिळतं. समजा तुमचं लाइफ २ आहे, नाइटहॉक एकाला ब्लॉक करतोय आणि दुसरा अटॅकर ३ डॅमेज घेऊन मोकळा आत येतोय. दोनातून तीन गेले, दोन आले. तुम्ही १ वर जिवंत. जुन्या हिशेबात ट्रिगरची पाळी येण्याआधीच डाव संपला असता. खेळ सोपा करून पातळ केला म्हणणाऱ्यांनी हे गणित नवख्याला विचारून पाहावं.

इथे उलटा आक्षेप येतो: क्रम एवढा जाचक होता, तर डॅमेजमधला सगळाच क्रम का नाही काढला? कारण प्रत्येक क्रम सोपस्कार नसतो. ट्रँपलमध्ये आजही सगळ्या ब्लॉकरना मारण्यापुरतं दिल्याशिवाय उरलेलं डॅमेज खेळाडूपर्यंत जात नाही. तो नियम नसता तर लहान ब्लॉकर उभा करण्याला अर्थच उरला नसता. गारफील्ड यांच्याच दुसऱ्या खेळात तर क्रमावर जीव टांगलेला असतो. हा खेळ १९९४ मध्ये 'जिहाद' नावाने आला आणि पुढच्याच वर्षी 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल' झाला. त्यात साधं डॅमेज एका पॉइंटला एक रक्त जाळून भरून काढता येतं, अॅग्रव्हेटेड डॅमेज भरून काढता येत नाही. अॅग्रव्हेटेड लागलं की व्हॅम्पायर खलास, असं नवे खेळाडू धरून चालतात. प्रत्यक्षात धडधाकट व्हॅम्पायर पहिल्या पॉइंटला फक्त टॉर्परच्या, म्हणजे निपचित पडून राहण्याच्या, वाटेला लागतो. त्यापुढच्या दर पॉइंटला नष्ट होणं टाळायला एक रक्त जाळावं लागतं. एकाच वेळी दोन्ही लागलं तर साधं डॅमेज आधी मोजायचं. एक रक्त उरलेल्या व्हॅम्पायरला १ साधं आणि २ अॅग्रव्हेटेड लागलं, तर ते रक्त साध्यासाठी जळतं, पहिल्या अॅग्रव्हेटेडने तो जखमी होतो, आणि दुसऱ्यासाठी जाळायला काही उरत नाही. अॅग्रव्हेटेड आधी मोजलं असतं, तर तोच व्हॅम्पायर टॉर्परमध्ये का होईना, वाचला असता.