कुंपणच जेव्हा शेत खाते...

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे नसलेले गाव म्हणून सर्वदूर ओळखले जाते. शनिदेवाची काळी शिळा येथे छताविना, उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. प्रत्यक्ष देवच राखणदार असताना कडी-कुलपांची गरज काय, ही ग्रामस्थांची परंपरागत श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने येथे शाखा उघडली, तीही या परंपरेचा मान राखून, कुलपाविना.

माणसाच्या फुफ्फुसांची रचनाही काहीशी अशीच आहे. त्यांनाही दार नाही. दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा त्यांतून ये-जा करते आणि हवेबरोबर येणारे बरेवाईट सारे काही थेट आत पोहोचते. संरक्षणाची भिस्त असते ती आत अहोरात्र जागणाऱ्या पहारेकऱ्यावर, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीवर. पण हा पहारेकरीच गोंधळला आणि घरच्या माणसांवरच काठी उगारू लागला, तर?

या गोंधळालाच वैद्यकशास्त्रात ऑटोइम्यून अर्थात स्वयंप्रतिकारक विकार म्हणतात. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, सोरायसिस, टाइप-१ मधुमेह, थायरॉइडचे काही विकार हे सारे याच कुळातले. यांत बाहेरचा शत्रू नसतो. सांधे, त्वचा, स्वादुपिंड अशा स्वतःच्याच अवयवांना परके मानून प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. आनुवंशिकता हे यामागचे एक कारण आहे, पण एकमेव नव्हे. हुबेहूब जुळ्या भावंडांपैकी एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपासच आढळते. उरलेला वाटा परिस्थितीचा, आणि त्यात श्वासावाटे आत जाणाऱ्या हवेचाही समावेश आहे, असे संशोधक आता मानू लागले आहेत.

फुफ्फुसातून सांध्यापर्यंत

हवेतील अडीच मायक्रोमीटरहून लहान कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. डोक्याच्या केसाच्या जाडीचा जवळपास तिसावा हिस्सा एवढा त्यांचा आकार. नाकातील केस आणि घशातील चिकट स्राव मोठी धूळ अडवतात, पण हे कण त्यांना चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि मदतीसाठी रासायनिक संदेश सोडतात. त्यातून दाह निर्माण होतो. एखाद्या दिवसाचा दाह शमतो. रोजच्या धुराने तो धुमसत राहतो आणि त्याचे संदेश रक्तावाटे शरीरभर पसरतात.

दुसरी प्रक्रिया अधिक सूक्ष्म आहे. तंबाखूच्या धुरामुळे फुफ्फुसातील प्रथिनांच्या रचनेत बारीक बदल होतात, ज्याला सिट्रुलिनेशन असे नाव आहे. रूप पालटलेली ही प्रथिने प्रतिकारशक्तीला अनोळखी वाटतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. आमवाताच्या अनेक रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच आढळतात. म्हणजे दुखणे बोटांत दिसते, पण त्याची ठिणगी फुफ्फुसात पडलेली असू शकते.

प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशीही शरीरात असतात. या ‘नियामक टी पेशीं’च्या शोधासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या प्रदूषित शहरातील दमेकरी मुलांमध्ये याच पेशींचे कार्य मंदावल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते. लगाम सैल झाला की घोडा उधळणारच.

दगडाच्या धुळीचा धडा

धूळ आणि स्वयंप्रतिकारक विकार यांचा संबंध वैद्यकाला नवा नाही. स्कॉटलंडमधील डॉक्टर बायरम ब्रॅमवेल यांनी १९१४ मध्येच त्वचा कठीण करणारा स्क्लेरोडर्मा हा विकार पाथरवटांमध्ये आढळल्याची नोंद केली होती. १९५३ मध्ये डॉ. अँथनी कॅपलान यांनी वेल्समधील कोळसा खाणकामगारांत आमवात आणि फुफ्फुसातील विशिष्ट गाठी एकत्र दिसतात, हे दाखवून दिले. दगडाच्या धुळीतील सिलिका आणि तंबाखूचा धूर यांच्याविरुद्धचा पुरावा आज सर्वांत भक्कम आहे. खडी क्रशरवर किंवा दगड कापण्याच्या यंत्रावर तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करणाऱ्या मजुराला हा इतिहास कोणी सांगत नाही.

शहरी हवेविषयीचा पुरावा अलीकडचा आहे. इटलीतील व्हेरोना विद्यापीठाच्या संशोधकांनी ८१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवेतील पीएम २.५ चे प्रमाण दीर्घकाळ घनमीटरला २० मायक्रोग्रॅमहून अधिक राहिले, तेथे स्वयंप्रतिकारक विकारांची जोखीम सुमारे १३ टक्क्यांनी जास्त आढळली. यातील बहुतेक व्यक्ती उतारवयाच्या स्त्रिया होत्या. शिवाय अशा अभ्यासातून दोन गोष्टींचे साहचर्य दिसते, थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तरीही एक तुलना अस्वस्थ करणारी आहे. भारताने २००९ मध्ये निश्चित केलेल्या मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस अवघी ५ ची आहे. इटलीत ज्या पातळीपलीकडे जोखीम वाढलेली दिसली, तिच्या दुप्पट हवा आपल्याकडे नियमांत बसते.

गावही सुटलेले नाही

प्रदूषण हा मुंबई-पुण्याचाच प्रश्न, अशी समजूत आहे. शिंगणापूरचा परिसर मात्र उसाचा आहे. तोडणीनंतर पाचट पेटवले की धुराचे लोट शिवारभर पसरतात आणि हिवाळ्याच्या थंड, स्थिर हवेत जमिनीलगतच रेंगाळतात. त्यात चुलीचा धूर, कच्च्या रस्त्यांचा फुफाटा आणि शनी अमावास्येसारख्या पर्वणीला येणाऱ्या असंख्य वाहनांची भर. आमवातही शहरापुरता नाही. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेसचे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांत हा विकार आढळला. म्हणजे दर दोनशे प्रौढांमागे एक.

एका व्यक्तीच्या सांधेदुखीचा ठपका एका शेतातील धुरावर ठेवता येणार नाही. पण धूर कमी करणे आपल्या हाती आहे. पाचट न जाळता त्याची कुट्टी करून सरीत आच्छादन म्हणून वापरावी, असे शिंगणापूरपासून जवळच असलेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे सांगणे आहे. त्याने ओल टिकते आणि जमिनीचा कसही सुधारतो. तंबाखू सोडणे, कचरा न पेटवणे, चुलीऐवजी गॅस वापरणे, धुळीच्या कामात योग्य प्रतीचा मास्क लावणे, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुखणे वेळेत ओळखणे. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे अर्धा-पाऊण तास आखडलेले राहणे, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांवर सूज, सहा आठवडे उलटूनही न जाणारी वेदना ही आमवाताची लक्षणे असू शकतात. ‘वय झाले’, ‘वात धरला’ किंवा ‘साडेसाती लागली’ असे म्हणून अनेकजण, विशेषतः स्त्रिया, वेदनाशामक गोळ्यांवर वर्ष ढकलतात. पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले, तर सांधे वाकडे होणे बहुतांशी टाळता येते. गेलेला काळ मात्र परत मिळत नाही. शनिदेवाला तेल जरूर वाहावे, पण सुजलेली बोटे तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवण्यात दिरंगाई नको.

शिंगणापूरच्या घरांना दारे नसली तरी चालते, कारण गावाचा आपल्या राखणदारावर विश्वास आहे. फुफ्फुसांना दार बसवता येणार नाही. त्यांच्या पहारेकऱ्याची नजर धुराने गढूळ होऊ न देणे, एवढेच माणसाच्या हाती उरते.