'जास्मिन' हे नाव चित्रपटामुळे गाजलं का?

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "हे त्याच्यामुळेच झालं, कशावरून?" इथे भलेभले अडखळतात. मीही अडखळले होते. म्हणून आज एका फुलाच्या नावावरून हा प्रश्न समजून घेऊ.

नाव आहे जास्मिन. मूळ शब्द फारसी, 'यासमन'. तो अरबीत 'यासमीन' झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'जास्मिन'. आपल्याकडची यास्मिन ती हीच. आपली जाई, जुई आणि मोगरा ही फुलंसुद्धा वनस्पतिशास्त्रात 'जास्मिनम' या एकाच प्रजातीत येतात.

अमेरिकेत १९९० च्या दशकात हे नाव खूप ठेवलं गेलं. का? उत्तर तोंडावरच असतं: डिस्नेचा 'अलादीन', त्यातली राजकन्या जास्मिन! मीही एका सादरीकरणात हेच ठोकून दिलं. गाईडनी शांतपणे विचारलं, "चित्रपटाच्या आधीचे आकडे पाहिलेस?" नव्हते पाहिले.

मग पाहिले. अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा प्रशासन १८८० पासूनच्या जन्मवर्षांची नावं प्रसिद्ध करतं. चित्रपट आला नोव्हेंबर १९९२ मध्ये. म्हणजे त्या वर्षीची बहुतेक बाळं त्याआधीच जन्मलेली! आणि १९९० मध्येच जास्मिन मुलींच्या पहिल्या ५० नावांत होतं. १९८० च्या दशकात ते चढतच होतं.

आणखी गंमत बघा. जुन्या गोष्टीतल्या राजकन्येचं नाव जास्मिन नाहीच, ते आहे बद्रुलबुदूर. 'जास्मिन' चित्रपटवाल्यांनी निवडलं, तेही नाव लोकांत रुळत असताना. म्हणजे कार्यकारणाचा बाण उलटाही असू शकतो. समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी नावांच्या फॅशनवरच्या २००० सालच्या पुस्तकात हेच दाखवलं: पडद्यावरची नावं बऱ्याचदा आधीपासूनच चढत्या लाटेवर असतात.

मग चित्रपटाचा परिणाम कधीच नसतो का? असतो. १९८४ च्या 'स्प्लॅश' चित्रपटात नायिका 'मॅडिसन' हे नाव घेते. त्याआधी मुलींच्या पहिल्या १००० नावांत ते नव्हतं. पुढच्याच वर्षी आलं. इथे 'आधी' आणि 'नंतर' यांत ठळक फरक दिसतो. जास्मिनच्या बाबतीत फार तर एवढं म्हणता येईल की, चढत्या नावाला चित्रपटाने थोडा हात दिला असेल.

आता डेटाबद्दल तीन सावधगिरीच्या गोष्टी.

१. प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं. जास्मिन, जॅझमिन, यास्मिन एकत्र केली तर क्रम बदलू शकतो.

२. सामाजिक सुरक्षा क्रमांक १९३६ पासून मिळू लागले. त्याआधी जन्मलेल्यांपैकी ज्यांनी नंतर अर्ज केला, तेवढेच यात दिसतात.

३. एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी मुलांना ठेवलेलं नाव गोपनीयतेसाठी वगळतात. त्यामुळे यादीत नाही म्हणजे नाव अस्तित्वातच नाही, असं नव्हे.

सिनॉप्सिस लिहिताना 'यामुळे' हा शब्द आला की थांबा आणि स्वतःला विचारा: आधीचे आकडे पाहिले का? बाण उलटा असेल का? दोन्हींमागे तिसरंच कारण असेल का? हे प्रश्न तुम्ही स्वतःला घरी विचारले नाहीत, तर मुलाखतीत समितीसमोर ऐकावे लागतात. आणि तिथे उत्तर शोधायला वेळ नसतो, हे मी अनुभवाने सांगते!