अळीच आई होते तेव्हा

फुलपाखरांवरच्या भागात मी ठासून म्हणालो होतो, "अळीचं काम खाणं, पिल्लांचं काम मोठ्या कीटकाचं." आज ते वाक्य मागे घेतोय.

कारण आहे मायक्रोमॅल्थस डेबिलिस. मूळचा पूर्व अमेरिकेतला, जेमतेम दोन मिलिमीटरचा भुंगेरा. हा ओल्या, कुजक्या लाकडात राहतो. टेलिफोनच्या जुन्या खांबांत सापडायचा, म्हणून नावही त्यावरूनच पडलं: टेलिफोन-खांबाचा भुंगेरा.

१९१३ साली एच. एस. बार्बर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने त्याचं आयुष्य उलगडून दाखवलं. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला पाय असतात. ते लाकडात जागा शोधतं, कात टाकतं आणि पाय गमावून लाकूड पोखरत बसतं. पुढे बहुतेक अळ्या कोषात जातच नाहीत. अळी असतानाच, नराशिवाय, त्या जिवंत मुलींना जन्म देतात!

मुलगा क्वचितच होतो. त्यासाठी अळी एकच अंडं घालते आणि ते तिच्या अंगालाच चिकटून राहतं. त्यातून निघालेला मुलगा आईलाच आतून खातो. ऐकायला भयंकर वाटतं ना? मलाही वाटलं.

मग पंखवाले मोठे भुंगेरे? ते कधीकधी तयार होतात, पण त्यांच्यापासून वंश पुढे गेल्याची खात्रीशीर नोंद नाही.

आता खरा पेच बघा. नर-मादीच्या मिलनातून गुणसूत्रांची सरमिसळ होते. ती थांबली की सगळे जवळपास एकसारखे होतात. एखादं संकट आलं तर सगळ्यांनाच धोका. पण फायदाही आहे: एकटी अळी नवी वसाहत उभी करू शकते. लाकडासोबत प्रवास करत हा भुंगेरा दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींच्या लाकडी टेकूंपर्यंत पोचला, तो असाच.

या कुळात आज ही एकच जात जिवंत आहे. बाकीचे नातेवाईक अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या राळेत, सापडतात. मेक्सिकोतल्या चियापासच्या अंबरमध्ये आजच्यासारख्याच अळ्या मिळाल्या. लेबनॉनचं अंबर तर बारा कोटी वर्षांहून जुनं, त्यातही या कुळातला भुंगेरा आहे. त्या काळीही अळ्याच आया होत्या का, हे अंबर सांगत नाही. पण घराणं टिकलंय, एवढं नक्की.

तर माझी दुरुस्ती लिहून घ्या: पिल्लं घालायला मोठं व्हावंच लागतं असं नाही. भेटू पुढच्या भागात!