डागापेक्षा त्याची कडा पाहा

बारा वर्षांचा मुलगा खेळताना पडतो, गुडघा सुजतो, एक्स-रे काढला जातो. हाड मोडलेले नसते. पण गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या हाडात एका बाजूला काळसर डाग दिसतो आणि रिपोर्टमध्ये ‘लायटिक लीजन’ असे लिहून येते. त्या रात्री आईवडील मोबाइलवर शोधत बसतात आणि थेट कॅन्सरपर्यंत पोहोचतात.

खरे तर त्या जागी हाडातले खनिज कमी आहे, एवढेच त्या शब्दांतून कळते. ते कशामुळे, हे बरेचसे डागाच्या कडेवरून उमगते. हाड जिवंत असते. काही पेशी ते सतत झिजवतात, काही नवे घडवतात. आतली वाढ संथ असेल, तर हाडाला तिच्याभोवती बांध घालायला सवड मिळते. फिल्मवर तो बारीक, ठसठशीत पांढऱ्या रेषेसारखा उमटतो. वाढ झपाट्याची असेल, तर बांध पडतच नाही. डाग कुठे संपला आणि निरोगी हाड कुठे सुरू झाले, तेच कळत नाही. वाढीचा हा वेग वाचण्याची शिस्तशीर पद्धत अमेरिकी रेडिओलॉजिस्ट ग्विलिम लॉडविक यांनी बसवली. 1963 मध्येच त्यांनी हाडाच्या गाठींच्या निदानासाठी संगणक वापरून पाहिला होता.

वयही तितकेच बोलके. मुलांमध्ये या जागी नागमोडी पांढऱ्या कडेचा डाग बहुधा नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाचा असतो. तो निरुपद्रवी तंतुमय ऊतकाचा असतो आणि तरुणपणी हाडाने आपोआप भरून येतो. चित्र असे नेमके असेल, तर बायोप्सीही करू नये, असे तज्ज्ञ सांगतात, आणि ते मला मोलाचे वाटते. मुलाला विनाकारण टेबलावर घेण्यापेक्षा थांबणे बरे. डागाने हाडाची निम्म्याहून अधिक रुंदी व्यापली असेल, तर मात्र फ्रॅक्चरचा धोका असतो. चाळिशीनंतर नवा डाग दिसला, तर दुसरीकडून पसरलेला कॅन्सर किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) नाही ना, हे आधी तपासावे लागते.

एक्स-रेच्या मर्यादाही आहेत. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे खनिज गेल्याशिवाय डाग दिसतच नाही. म्हणून रात्री झोपेतून उठवणारे दुखणे थांबत नसेल, तर ‘नॉर्मल’ रिपोर्टवर विसंबू नये, एमआरआयबद्दल विचारावे. आणि डॉक्टरांना फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवण्यापेक्षा मूळ फिल्म किंवा सीडी दाखवावी, कारण फोटोत नेमकी कडाच पुसट होते. जुनी फिल्म असेल तर तीही न्यावी. दोन वर्षांपूर्वी तोच डाग तेवढाच होता, हे दिसले की पुढच्या कितीतरी तपासण्या वाचू शकतात.