गंगोत्रीची हिमनदी

नदी म्हटली म्हणजे खळाळणारे पाणी डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्यांचे वाहणे डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही, अशाही नद्या हिमालयात आहेत. त्या बर्फाच्या नद्या होत. उत्तराखंडातील गंगोत्रीची हिमनदी ही त्यांपैकीच एक. चौखंबा शिखरांच्या उतारांवर ती उगम पावते आणि सुमारे ३० किलोमीटर अंतर काटून गोमुखापाशी संपते.

अत्युच्च शिखरांवरील हिम उन्हाळ्यातही पुरते वितळत नाही. वर्षानुवर्षे थरांवर थर साचतात. वरच्या थरांच्या भाराने खालचे भुसभुशीत हिम दाबले जाते, त्यातील हवा निघून जाते आणि त्याचा टणक बर्फ बनतो. हा बर्फ स्वतःच्याच वजनाने उतारावरून हळूहळू सरकू लागतो. सरकताना तो खडक फोडतो, घासतो आणि दगडगोटे बरोबर वाहून नेतो. म्हणूनच हिमनदीचा खालचा भाग शुभ्र न दिसता दगडमातीने झाकलेला दिसतो.

गोमुख सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. तेथे बर्फाच्या कड्याखालून भागीरथी गर्जना करीत बाहेर पडते. झिजलेल्या खडकांचे पीठ मिसळल्यामुळे तिचे पाणी राखी दिसते. देवप्रयागास अलकनंदा मिळाल्यावर तिलाच गंगा म्हणतात.

हा प्रदेश उजाड भासला, तरी निर्जीव नाही. गोमुखाच्या वाटेवर भूर्जवृक्ष आढळतात. त्यांच्या सालीवर पूर्वी ग्रंथ लिहीत असत. कड्यांवर भरल नावाची रानमेंढरे चरतात आणि हिमबिबट्या त्यांच्या मागावर असतो. या जीवांच्या रक्षणासाठी १९८९ साली येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

हिमनदीचे मुख मात्र एका जागी स्थिर नाही. वरून येणाऱ्या बर्फापेक्षा खाली वितळणारा बर्फ अधिक झाला, की मुख मागे हटते. भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९३५ साली गोमुखाची मोजणी केली. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून अधिक मागे गेले आहे. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, हे त्याचे एक मोठे कारण होय.

हिमनदी म्हणजे निसर्गाने भरून ठेवलेले कोठारच. पावसाळ्यापूर्वीच्या कडक उन्हात, खालचे झरे आटत असता, ती भागीरथीला पाणी देते. शेकडो वर्षांत भरलेले हे कोठार एकदा रिते झाले, तर ते पुन्हा भरण्यास मनुष्याच्या कित्येक पिढ्याही पुरणार नाहीत.