लमाणांचा तांडा

आगगाडी येण्यापूर्वी आपल्या देशात धान्य व मीठ बहुधा बैलांच्या पाठीवरूनच दूरदेशी जाई. हे काम लमाणांचे. दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने केले आहे.

एवढा माल रानावनातून सुखरूप न्यावयाचा, म्हणजे रात्र वैऱ्याचीच! दिवस मावळण्यापूर्वी तांड्याचा नाईक पाणी व चारा पाहून मोकळ्या माळावर मुक्काम ठरवी. मग बैलांच्या पाठीवरील गोण्या उतरवून त्या एकावर एक रचीत, आणि पाहता पाहता तेथे कोट उभा राही. त्याला दगड लागत नसे, की चुना. बैल खुंट्यांना बांधलेले असत. कुत्री मात्र मोकळी; परक्याचे पाऊल वाजले, की साऱ्या तळाला जाग येई. सकाळी तोच कोट बैलांच्या पाठीवर बसून पुढे चालू लागे!

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली. लोहमार्ग वाढत गेले, तसा हा धंदा बसला. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी केली. काही प्रांतांत तो शिक्का लमाणांवरही बसला. ज्यांच्या भरवशावर सैन्यांची रसद चाले, त्यांनाच चोर म्हणावे, हा केवढा अन्याय! तो कायदा १९५२ साली रद्द झाला.