खड्ग एक, मागणारे अनेक

टाकसाळीतून नाणी बाहेर पडत असतात, तरीही बाजारात सुट्ट्या पैशांची चणचण जाणवते, हा अनुभव आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ती नाणी नाहीशी झालेली नसतात. घरोघरच्या डब्यांत नि गल्ल्यांत पडून असतात. संगणकावरील एका अनोख्या खेळाच्या निर्मात्यांपुढेही नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्यावर त्यांनी योजलेले उपाय बँकेच्या ग्राहकांना उद्बोधक वाटावेत.

१९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती. पडद्यावर केवळ वर्णन उमटे आणि खेळाडू शब्दांनीच आज्ञा देत. एकाच काल्पनिक प्रदेशात अनेकजण एकाच वेळी वावरू शकत, हे त्याचे वैशिष्ट्य. मिळालेला खजिना दलदलीत टाकला की गुण मिळत आणि ती वस्तू व्यवहारातून बाद होई. काही काळाने सारे जग मूळ स्थितीत आणले जाई व खजिना पुन्हा जागच्या जागी दिसे. खेळाडूचे गुण टिकत, संपत्ती टिकत नसे. साहजिकच साठेबाजीला वाव नव्हता.

१९९० च्या सुमारास डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठात ‘डिकूमड’ हा खेळ जन्मास आला. यात खेळाडूला आपली शस्त्रे व चिलखते पुढच्या खेपेसाठी जपून ठेवता येऊ लागली आणि प्रश्न निर्माण झाला. एखादे प्रभावी खड्ग प्रत्येकाच्या हाती आले, तर त्याचे अप्रूप उरत नाही, आव्हानही संपते. म्हणून वस्तूंच्या संख्येवर मर्यादा घालण्यात आली. ठरावीक काळाने संगणक अस्तित्वातील प्रती मोजी आणि मर्यादेपेक्षा कमी भरल्या, तरच नवी प्रत ठेवी.

परंतु मोजायचे कोणते? गैरहजर खेळाडूंनी ठेवलेल्या वस्तू मोजल्या नाहीत, तर एकाने खड्ग ठेवून निघून जावे आणि त्याच्या जागी दुसरे उपजावे, असे होऊन मर्यादा नावापुरतीच उरते. त्या मोजल्या, तर महिनोन्‌महिने न फिरकणारा खेळाडू एकुलते एक खड्ग अडवून बसतो आणि नवागताच्या वाट्याला रिकामी गुहा येते.

यावर डिकूमडने भाड्याचा तोडगा काढला. खेळाडूने धर्मशाळेत सामान ठेवून जायचे आणि प्रत्येक दिवसाचे भाडे सोन्यात भरायचे. वस्तू जितकी मोलाची, तितके भाडे अधिक. सोने अपुरे पडले, की सामान गेले! लॉकरच्या भाड्याशी याचे साम्य सहज लक्षात येईल. साठेबाजीला यामुळे आळा बसला, पण परीक्षेला बसलेल्या वा आजारी पडलेल्या प्रामाणिक खेळाडूलाही तोच दंड सोसावा लागे. म्हणून काही निर्मात्यांनी भाडे रद्द केले. काहींनी अतिप्रभावी वस्तू ठेवून घेण्यासच मनाई केली. तर काहींनी वापरागणिक झिजणाऱ्या वस्तू योजल्या. झीज सर्वांना सारखीच लागू होते, म्हणून हा मार्ग त्यातल्या त्यात न्याय्य म्हणावा लागेल.

पुढे १९९७ साली आलेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या सचित्र खेळात जगातील एकूण साधनसंपत्तीच मर्यादित ठेवून ती फिरती राहील, अशी योजना होती. खेळाडूंनी वस्तू साठवून ठेवल्या, टंचाई झाली आणि अखेर ती योजना सोडून द्यावी लागली. केवळ मर्यादा घातल्याने वस्तू फिरत नाही, हाच त्याचा बोध.

आता आपल्या व्यवहाराकडे पाहू. दोन वर्षे व्यवहार न झालेले बचत खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे दावा न केलेली ठेव २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते. मात्र खातेदाराचा हक्क बुडत नाही. तो वा त्याचे वारस बँकेकडे केव्हाही मागणी करू शकतात. गैरहजेरी हा अपराध नव्हे, हे तत्त्व येथे जपलेले आहे. तेव्हा, वाचकहो, घरातील जुनी पासबुके एकदा अवश्य चाळून पाहा. एखादे विसरलेले खड्ग आपलीच वाट पाहत असेल!